दोन मिनिटांचा निरोप

अन्न पोटात पडल्यावर थोड्याच अवधीत आतड्याच्या अस्तरातील काही पेशी एक लहानसा निरोप रक्तात सोडतात. हा निरोप स्वादुपिंडाला कळवितो की, साखर येते आहे, इन्सुलिनची तजवीज करा. जठराला कळवितो की, जरा सावकाश. आणि मेंदूला कळवितो की, आता पुरे. निसर्गाने ही व्यवस्था मोठ्या चातुर्याने केली आहे. पण निरोप्याला आयुष्य दिले आहे ते मात्र अगदी अल्प. रक्तात शिरल्यापासून दोनएक मिनिटांत त्याचा निम्मा अंश नष्ट झालेला असतो. वजन उतरविणारी व मधुमेह आवरणारी जी नवी औषधे आज घरोघरी बोलण्याचा विषय झाली आहेत, त्यांचा इतिहास म्हणजे हे दोन मिनिटांचे आयुष्य एका आठवड्यापर्यंत लांबवीत नेण्याचा इतिहास होय.

या औषधांना शास्त्रज्ञ ‘पेप्टाइड’ म्हणतात. अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवून जी माळ तयार होते ती लांबलचक असली तर प्रथिन आणि आखूड असली तर पेप्टाइड, असा ढोबळ भेद आहे. इन्सुलिन एक्कावन्न मण्यांचे. आतड्यातून निघणारा हा निरोप अवघा तीस-एकतीस मण्यांचा. त्याचे शास्त्रीय नाव ‘ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड एक’ असे लांबलचक आहे, तेव्हा आपण त्याला निरोपच म्हणू.

आतडे केवळ अन्न पचवीत नाही, तर इतर इंद्रियांना हुकूमही सोडते, हे प्रथम दिसले ते १९०२ मध्ये लंडनला. बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शरीरशास्त्रज्ञांनी दाखविले की, आतड्याच्या अस्तराचा अर्क रक्तात घातला की स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागतो. मज्जातंतूंचा त्यात काही संबंध नसला तरी चालतो. संप्रेरक ही कल्पनाच या प्रयोगातून जन्मास आली. पुढे १९२१ साली टोरोंटोस इन्सुलिन हाती आले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. तो अर्क अशुद्ध निघाला; कॉलिप यांनी तो शुद्ध करून दिल्यावर बारा दिवसांनी पुन्हा टोचला, तेव्हा मुलाची साखर उतरली. इन्सुलिनच्या त्या विजयात आतड्याची गोष्ट मागे पडली. बेल्जियममधील ला बार यांनी १९३२ मध्ये आतड्यातील त्या अज्ञात द्रव्यास ‘इन्क्रेटिन’ असे नाव देऊन ठेवले होते. परंतु नाव मिळाले तरी वस्तू सापडेना. १९६४ मध्ये एक साधा प्रयोग झाला. तीच साखर एकदा तोंडावाटे दिली आणि एकदा सरळ शिरेतून दिली; तोंडावाटे दिली असता इन्सुलिन अधिक सुटते असे आढळले. म्हणजे तोंड आणि रक्त यांच्या वाटेवर कोणीतरी वर्दी देणारा आहे, हे निश्चित झाले.

तो वर्दी देणारा शेवटी सापडला एका कुरूप समुद्री माशाच्या पोटात. बॉस्टनमध्ये जोएल हॅबेनर यांच्या प्रयोगशाळेत अँग्लर नावाच्या माशाच्या स्वादुपिंडातील जनुकाचे वाचन चालले होते. ग्लुकागॉन या संप्रेरकाच्या जनुकातच आणखी एका पेप्टाइडाचा मजकूर लिहिलेला आहे, असे १९८२ मध्ये तेथे दिसून आले. वर्षभरात माणसाच्या जनुकातही तसाच मजकूर आढळला. पण लांब मजकुरातला नेमका कोणता तुकडा शरीरात कामाला येतो? हे ओळखले स्वेतलाना मोय्सोव्ह यांनी. मूळच्या युगोस्लाव्हियातील या रसायनज्ञ बाईंनी तो तुकडा स्वतः जुळवून तयार केला, त्याची परीक्षा घेतली आणि १९८७ मध्ये त्याचा प्रभाव प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कोपनहेगनला होल्स्ट यांच्या चमूनेही हेच सिद्ध केले. मोय्सोव्ह यांचे नाव मात्र पुढे कित्येक वर्षे मागेच राहिले. पेटंटांवर आपले नाव चढावे म्हणून त्यांना झगडावे लागले, आणि २०२४ मध्ये हॅबेनर व डेन्मार्कच्या लोटे बियेर क्नुडसेन यांच्यासमवेत त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा कोठे त्यांची कामगिरी सर्वांच्या तोंडी झाली. कचेरीत ज्याने टिपण लिहिले त्याचे नाव आदेशावर नसते, हा अनुभव मला नवा नाही. शास्त्राच्या दरबारातही तोच रिवाज असावा याचे मात्र वाईट वाटते.

निरोप सापडला, आता त्याचे औषध कसे करावयाचे? आपल्या रक्तात एक विकर सदैव फिरत असते. माळेच्या टोकापासून दुसऱ्या जागी अ‍ॅलनीन नावाचा मणी दिसला की तेथे ते कात्री चालविते आणि निरोप निकामी होतो. दर दोन मिनिटांनी सुई कोण टोचून घेणार? ही अडचण सुटली ती, नवल वाटेल, एका विषारी सरड्यामुळे. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा एक संथ, स्थूल सरडा राहतो आणि वर्षातून मोजक्याच वेळा पोटभर खातो. न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन एंग यांना १९९२ मध्ये त्याच्या विषात आपल्या निरोपाचा एक चुलतभाऊ सापडला. दोघांचे निम्म्याहून थोडे अधिक मणी सारखे; परंतु कात्री चालते त्या जागी सरड्याकडे अ‍ॅलनीनऐवजी ग्लायसीन होता, म्हणून तो चटकन तुटत नव्हता. त्यावरून तयार झालेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मान्य झाले. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे.

डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी माणसाच्याच पेप्टाइडाला स्निग्ध आम्लाचे एक शेपूट लावले. हे शेपूट रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते; मोठ्या गलबताच्या आडोशाने लहान होडी चालावी तसे ते पेप्टाइड कात्रीपासून आणि मूत्रपिंडाच्या गाळणीपासून बचावते. त्यातून लिराग्लुटाइड हे रोज एकदा टोचावयाचे औषध निघाले. ते युरोपात २००९ मध्ये मधुमेहासाठी मान्य झाले आणि २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत मोठ्या मात्रेत स्थूलतेसाठी. रोजची सुई आठवड्याची करावयाची तर शेपूट आणखी लांब हवे आणि कात्रीची ती दुसरी जागाही पक्की बंद करावयास हवी. सेमाग्लुटाइडमध्ये दोन्ही साधले गेले. दुसऱ्या जागी अ‍ॅलनीन काढून जो मणी बसविला, त्याचे नाव अल्फा-अमिनोआयसोब्युटिरिक आम्ल. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात ‘आयब’ म्हणतात. पुढे अमेरिकेत तयार झालेल्या टिरझेपाटाइडमध्ये तर हा मणी दोन ठिकाणी आहे.

येथे आपल्याला बेंगळूरला यावे लागते. मराठी माणसाला बेंगळूर म्हटले की शहाजीराजांची जहागीर आठवते, क्वचित कोणाला टाटांच्या देणगीतून १९०९ मध्ये उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था आठवते. त्या संस्थेच्या गर्द झाडीत या ‘आयब’चा जेवढा कसून अभ्यास झाला तेवढा जगात थोड्याच ठिकाणी झाला असेल.

त्याची पूर्वपीठिका मद्रासची. १९६३ मध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन व शशिशेखरन या सहकाऱ्यांसह एक नकाशा प्रसिद्ध केला. अमिनो आम्लांची माळ कोठे वळू शकते आणि कोठे वळू शकत नाही, हे तो नकाशा सांगतो. अणू एकमेकांवर आदळतात तो प्रदेश निषिद्ध, सुखाने मावतात तो मोकळा. इतकी साधी कल्पना, पण जीवरसायनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आज ती आहे. पुढे रामचंद्रन बेंगळूरला आले आणि १९७१ मध्ये त्यांनी विज्ञान संस्थेत रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. त्या विभागात १९७३ मध्ये पद्मनाभन बलराम हे तरुण रसायनज्ञ दाखल झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन, कानपूर व अमेरिका असा प्रवास करून ते आले होते. हार्वर्डला वुडवर्ड यांच्या हाताखाली त्यांनी काम केलेले होते.

‘आयब’ हा मणी माणसाच्या प्रथिनांत नसतो. मातीतील काही बुरशा मात्र तो वापरतात. ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीपासून मिळणाऱ्या अलामेथिसिन या प्रतिजैविकात तो पुष्कळ आहे. अ‍ॅलनीनच्या मधल्या कार्बनावर एका हायड्रोजनाच्या जागी आणखी एक मेथिल गट बसविला की ‘आयब’ होतो. फरक दिसावयास क्षुल्लक. पण त्या जादा गटामुळे मण्याला इकडेतिकडे वळावयास जागाच उरत नाही. रामचंद्रनांच्या नकाशातला बहुतेक मुलूख त्याला बंद, केवळ मळसूत्री वळणाचा लहानसा प्रदेश मोकळा. बलराम आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९७० नंतरच्या दशकात असे मणी घातलेल्या आखूड माळा एकामागून एक तयार केल्या, त्यांचे स्फटिक पाडले, क्ष-किरणांनी ते तपासले आणि हा मणी जेथे बसवावा तेथे माळ मळसूत्रासारखी वळते, हे नि:संशय दाखविले. १९८४ मध्ये बी. व्ही. व्यंकटराम प्रसाद यांच्यासह बलराम यांनी या विषयाचा सविस्तर आढावा लिहिला, तेव्हा वजन उतरविणाऱ्या पेप्टाइडांचे नावही कोणी काढलेले नव्हते.

यावरून कोणी असे म्हणू लागेल की, सेमाग्लुटाइड मूळचे बेंगळूरचेच. तसे म्हणणे खोटे होईल. डेन्मार्कच्या रसायनज्ञांनी ‘आयब’ निवडला तो मुख्यतः कात्री अडविण्यासाठी. बेंगळूरचा अभ्यास आकारासाठी होता. पण मनाला लागून राहणारी गोष्ट निराळीच आहे. हा मणी ज्यांना हातच्या काकणासारखा ओळखीचा होता, ते आपल्याच देशात, सरकारी पैशावर चाललेल्या संस्थेत बसले होते. आणि त्या ओळखीचे औषध झाले ते समुद्रापलीकडे. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्या औषधी उद्योगाला दुसऱ्याचे औषध निराळ्या रीतीने स्वस्तात बनविण्याची मुभा दिली आणि उद्योग त्यात निष्णात झाला. त्या कायद्याला मी दोष देणार नाही. त्याने लाखो गरिबांचे प्राण वाचविले. मात्र प्रयोगशाळेत जाऊन तेथे काय नवे चालले आहे ते विचारण्याची गरजही उद्योगाला त्यामुळे फारशी वाटली नाही. दोघे एकाच गावात राहून शेजारी झाले नाहीत.

आता ही औषधे एकमेकांशी ताडून पाहू. लिराग्लुटाइडच्या २०१५ मधील मोठ्या चाचणीत छप्पन्न आठवड्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरले; नुसत्या पाण्याची सुई घेणाऱ्यांचे २.६ टक्के. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील चाचणीत अडुसष्ट आठवड्यांत १४.९ टक्के, समोर २.४. टिरझेपाटाइडच्या २०२२ मधील चाचणीत बहात्तर आठवड्यांत, सर्वांत मोठ्या मात्रेने, २०.९ टक्के, समोर ३.१. आकडे असे पायरीपायरीने चढताना पाहून शेवटचेच औषध उत्तम, असा निकाल देण्याचा मोह होतो. पण निरनिराळ्या चाचण्यांतले आकडे शेजारी मांडणे म्हणजे वेगवेगळ्या गावच्या मापांनी मोजलेले धान्य एका राशीत ओतणे होय. माणसे निराळी, मुदत निराळी. म्हणून ज्या चाचणीत दोन औषधे समोरासमोर उभी केली जातात तिचे मोल अधिक. अशी एक चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. बहात्तर आठवड्यांअंती टिरझेपाटाइड घेणाऱ्यांचे २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे १३.७ टक्के वजन उतरले होते. कारण उघड आहे. टिरझेपाटाइड एक नव्हे, तर आतड्याचे दोन निरोप एका माळेत पोहोचविते. दुसरीकडे, हृदयविकार व पक्षाघात टळतात काय, या अधिक महत्त्वाच्या प्रश्नावर सेमाग्लुटाइडने आधी पुरावा दिला. मधुमेह नसलेल्या, परंतु हृदयविकार असलेल्या १७,६०४ स्थूल वा जादा वजनाच्या लोकांवरील चाचणीत हे धोके २० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. वजनकाट्यावरचा आकडा आणि आयुष्यातला लाभ ही दोन खाती आहेत. ती एकत्र मिळवू नयेत.

या दोहोंचे उपद्रवही एकाच घराण्यातले आहेत. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे नित्याचे. पित्ताचे खडे आणि स्वादुपिंडाचा दाह हे विरळ, पण गंभीर. बाजारात ‘संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या इतर पेप्टाइडांच्या कुप्यांविषयी मी येथे काही लिहीत नाही. ज्या औषधाच्या शुद्धतेबद्दल कोणी सही केलेली नाही, ते तुलनेस घेण्याजोगे नाही.

तुलनेचा खरा पेच आपल्या शरीरात आहे, आणि तो उलगडून दाखविला पुण्याने. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व अर्भकांचा अभ्यास आरंभिला. त्यांनी पाहिले की, तेथली बालके जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची, पण वजनात इतकी मागे असूनही आपल्या बालकांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंची व वजन यांचे गुणोत्तर दोघांचे अगदी सारखे, २२.३; शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ आणि आतून चरबीदार, असा हा भारतीय देह. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेही दहा कोटींहून अधिक निघाले, आणि पोट सुटलेल्या प्रौढांचे प्रमाण ३९.५ टक्के, सर्वांगाने स्थूल असलेल्यांचे प्रमाण मात्र २८.६ टक्के. आपला रोग पोटाच्या घेरात आहे.

सेमाग्लुटाइडची २०२१ ची चाचणी ज्यांच्यावर झाली त्यांपैकी तीन-चतुर्थांश लोक गोरे होते. त्यांचे वजन उतरले तेव्हा चरबीबरोबर स्नायूंचाही काही भाग गेला. ज्याच्यापाशी मुळात स्नायू भरपूर आहेत त्याला ही तूट सोसते. ज्याची शिल्लकच थोडी आहे त्याने पंधरा टक्के वजन गमावले, तर त्यातले चरबीचे किती आणि मांसाचे किती, हे विचारल्याशिवाय त्याचे अभिनंदन करता येत नाही. म्हणून या औषधाबरोबर पुरेसे प्रथिनयुक्त अन्न आणि अंगमेहनत यांची सांगड आपल्याकडे इतरांपेक्षाही अगत्याची आहे. नुसती सुई घेऊन खुर्चीत बसणाऱ्या आम्हा कारकुनी पेशाच्या लोकांनी हे विशेष ध्यानी धरावे.

दुसरा पेच काळाचा. शास्त्रज्ञांनी औषधाचे आयुष्य दोन मिनिटांवरून आठवड्यावर नेले. परंतु गुणाचे आयुष्य सुईच्या पलीकडे फारसे जात नाही. सेमाग्लुटाइड थांबविलेल्या लोकांवर वर्षभर नजर ठेवली असता, उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हा तापावरचा काढा नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखा हा दीर्घकाळचा खर्च आहे. मग किमतीचा प्रश्न आपोआप येतो. टिरझेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा सर्वांत लहान मात्रेची एक कुपी साडेतीन हजार रुपयांना होती; महिन्याच्या चार कुप्यांचे चौदा हजार. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या वर्गातील औषधे आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. यादीत नाव असणे आणि तालुक्याच्या दवाखान्यातील शीतकपाटात औषध असणे यांत किती अंतर असते, ते सरकारी नोकराला सांगावे लागत नाही. टोरोंटोच्या संशोधकांनी इन्सुलिनचे पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले होते. तो दानशूरपणा पुन्हा घडला नाही. त्याच्या जागी पेटंटाची मुदत संपण्याची वाट पाहणे आले.

ही वाट पाहणारांत बेंगळूरची बायोकॉन ही कंपनी आहे. किरण मजुमदार यांनी १९७८ मध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर भाड्याच्या गॅरेजमध्ये ती सुरू केली, तेव्हा तिचा माल होता माशाच्या फुग्यापासून काढलेले एक द्रव्य, जे मद्य निवळण्यासाठी लागते, आणि पपईच्या चिकातले पेपेन. पेपेनचे काम प्रथिनांच्या माळा तोडण्याचे. ज्या घराण्याने माळा तोडण्यापासून व्यवसाय आरंभिला, त्याने २००४ मध्ये यीस्टच्या साहाय्याने मानवी इन्सुलिनची माळ जुळवून बाजारात आणली, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या लिराग्लुटाइडला ब्रिटनच्या औषधनियंत्रकांनी मान्यता दिली. सेमाग्लुटाइडच्या मुख्य पेटंटाची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्या तारखेकडे डोळे लावून हैदराबाद, अहमदाबाद आणि मुंबईचे कितीतरी कारखाने तयारीस लागले होते.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत जन्मलेली बालके आता तिशीच्या घरात आहेत. अठराव्या वर्षी त्यांची साखर तपासली, तेव्हा अंगाने किडकिडीत असलेल्यांपैकीही पुष्कळांची ती वाढलेली आढळली, आणि मुलांत मुलींपेक्षा अधिक. वजनकाट्यावर उभे केले तर त्यांतले बहुतेक औषधाच्या नियमात बसणार नाहीत.